बासरीची भोके आणि माणसाची बोटे

आमच्या गावच्या जत्रेतून एका विद्यार्थ्याने बासरी विकत आणली. दोन-चार दिवस खटपट करून त्याला सारेगम वाजवता येऊ लागले. पण घरच्या पेटीबरोबर वाजवायला बसला, की सूर जुळेनात. 'सा' जुळवला तर 'ग' उतरलेला आणि 'नि' चढलेला! तो बासरी घेऊन माझ्याकडे प्रयोगशाळेत आला. "सर, माझी फुंक चुकते की बासरीच चुकीची आहे?" असा त्याचा प्रश्न होता.

आम्ही पट्टी घेऊन मोजमाप केले. सहाही भोके सारख्याच आकाराची होती आणि त्यांच्यामधील अंतरेही जवळजवळ सारखी होती. मुलाची फुंक निर्दोष होती. बासरी बनवणाऱ्याने भोके पाडताना बोटांच्या सोयीचा विचार केला होता, सुरांचा नव्हे. मी त्या मुलाला म्हटले, "अरे, तुझी ही तक्रार फार जुनी आहे. एका मोठ्या वादकाने याच तक्रारीपायी आपले निम्मे आयुष्य खर्ची घातले."

विद्यार्थिमित्रांनो, आज त्याच वादकाची ओळख करून घेऊ. पण त्याआधी थोडे भौतिकशास्त्र पाहिले पाहिजे.

बासरीत वाजते ते काय?

बासरीत कंप पावतो तो बांबू नव्हे, तर बांबूच्या पोकळीतील हवा. मुखछिद्राच्या कडेवर फुंकेचा झोत आदळतो, तो कधी आत तर कधी बाहेर असा झुलू लागतो आणि नळीतील हवेचा स्तंभ कंप पावू लागतो. मुखछिद्र उघडे असते आणि नळीचे दूरचे टोकही उघडे असते. म्हणजे बासरी ही दोन्ही टोकांना उघडी असलेली नळी झाली. अशा नळीत सर्वांत खालच्या सुराच्या वेळी स्तंभाच्या लांबीत बरोबर अर्धी तरंगलांबी मावते.

एक उदाहरण सोडवून पाहू. पाश्चात्त्य फ्लूटचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे २६२ कंपनांचा असतो. २७ अंश सेल्सिअस तापमानाला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर असतो. ३४७ ला २६२ च्या दुपटीने, म्हणजे ५२४ ने, भागले की ०.६६ मीटर, म्हणजे ६६ सेंटिमीटर, ही स्तंभाची लांबी मिळते. प्रत्यक्ष फ्लूटमध्ये मुखछिद्रापासून टोकापर्यंतचे अंतर ६० सेंटिमीटरच्या आसपास भरते. मग उरलेले पाच-सहा सेंटिमीटर गेले कोठे? कंप पावणारी हवा नळीच्या टोकापाशी एकदम थांबत नाही, ती थोडी बाहेरही डोकावते. मुखछिद्र तर नळीपेक्षा अरुंद आणि वादकाच्या ओठाने अर्धवट झाकलेले असते. त्यामुळे त्या बाजूला स्तंभ प्रत्यक्षापेक्षा बराच लांब असल्यासारखा वागतो. अनुस्पंदन नळीचा प्रयोग करताना तुम्ही टोकाची जी दुरुस्ती करता, तीच ही.

आता वरचे सूर काढायचे म्हणजे स्तंभ आखूड करायचा. प्रत्येक वेळी नळी कापता येत नाही, म्हणून तिच्यात भोक पाडायचे. भोक उघडले, की हवेला तेथेच बाहेरची वाट मिळते आणि नळी जणू तेथेच संपते. एका सप्तकात बारा अर्धस्वर असतात. ते समान पायऱ्यांनी चढवायचे, तर दर पायरीला स्तंभाची लांबी सुमारे ५.६ टक्क्यांनी घटली पाहिजे. ६६ सेंटिमीटरपासून निघालो, तर पहिली पायरी सुमारे ३.७ सेंटिमीटरची आणि सप्तकाची शेवटची पायरी जेमतेम २ सेंटिमीटरची होते. म्हणजे भोके समान अंतरावर नकोत. मुखाकडे जावे तशी ती जवळजवळ यायला हवीत.

येथे घोटाळा सुरू होतो. हिशेबाने जेथे भोक हवे, तेथे माणसाचे बोट पोचेलच असे नाही. मग जुने कारागीर एक युक्ती करत. भोक बोट पोचेल तेथे, म्हणजे जरा मुखाच्या बाजूला, पाडायचे. पण लहान ठेवायचे. लहान भोकातून हवेला मोकळी वाट मिळत नाही, त्यामुळे नळी भोकाच्याही थोडी पलीकडे संपल्यासारखी वागते आणि सूर उतरून जागेवर येतो. सूर जुळला खरा. पण लहान भोकातून निघणारा आवाज दबका आणि कोंडलेला होतो. एक सूर खणखणीत आणि शेजारचा घुसमटलेला! शिवाय बारा अर्धस्वरांना पुरेशी भोके नसल्याने मधले सूर वेड्यावाकड्या बोटांनी काढावे लागत. शेकडो वर्षे वादक ही तडजोड निमूटपणे स्वीकारत आले.

सोनाराचा मुलगा

थिओबाल्ड ब्योम याचा जन्म ९ एप्रिल १७९४ रोजी जर्मनीतील म्युनिक शहरात झाला. वडील सोनार होते आणि मुलगाही तीच कला शिकला. त्याला वाद्यांचा नाद लहानपणापासून होता. चांगली फ्लूट हवी होती, तेव्हा सोळाव्या वर्षी त्याने नामांकित कारागिराची चार चाव्यांची फ्लूट समोर ठेवून तशीच एक स्वतः घडवली. येथे चावी म्हणजे कुलपाची किल्ली नव्हे. बोट पोचत नाही अशा भोकावर बसवलेले झाकण आणि ते उघडण्यासाठी लावलेली छोटी तरफ, म्हणजे चावी.

दरबारी वाद्यवृंदातील एका फ्लूटवादकाने या मुलाचे गुण हेरले आणि त्याला शिकवायला घेतले. १८१२ मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षी, ब्योम म्युनिकच्या एका नाट्यगृहात मुख्य फ्लूटवादक झाला. दिवसा सोनाराची कानस आणि संध्याकाळी फ्लूट, असा त्याचा क्रम होता. १८१८ मध्ये त्याला दरबारी वाद्यवृंदात जागा मिळाली, तेव्हा मात्र त्याने सोनारकाम सोडले. युरोपभर त्याचे कार्यक्रम होऊ लागले. १८२८ मध्ये त्याने स्वतःचा फ्लूट बनवण्याचा कारखाना काढला.

१८३१ मध्ये तो लंडनला गेला. तेथे त्याने चार्ल्स निकोल्सन या इंग्रज वादकाची फ्लूट ऐकली आणि तो थक्क झाला. निकोल्सनचा आवाज सारे सभागृह भरून टाकत होता. त्याचे पंजे मोठे आणि बोटे जाड होती. त्यामुळे त्याच्या फ्लूटची भोके इतरांच्यापेक्षा पुष्कळ मोठी असूनही त्याला ती झाकता येत. ब्योमच्या बोटांना ते जमण्यासारखे नव्हते. लंडनमध्ये त्याच्या वादनाचेही कौतुक झाले, परंतु आवाजाच्या ताकदीत आपण या माणसापुढे कमी पडलो, हे त्याने मनोमन जाणले. निकोल्सनला ऐकले नसते, तर आपली नवी फ्लूट बहुधा जन्मालाच आली नसती, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे.

दुसरा एखादा वादक 'देवाने त्याला हातच तसे दिले' असे म्हणून गप्प बसला असता. ब्योमने प्रश्न उलटा केला. भोके बोटांच्या सोयीने पाडायचीच कशाला? सुरांसाठी जेथे हवीत तेथे आणि जेवढी हवीत तेवढी भोके पाडू. बोटे तेथपर्यंत कशी पोचवायची, ते मग पाहू!

तरफांनी लांबवलेली बोटे

अडचण साधी नव्हती. फ्लूट धरताना उजवा अंगठा आधाराला लागतो. उरली नऊ बोटे, आणि भोके त्यांच्यापेक्षा जास्त! येथे सोनाराचा हात कामी आला. ब्योमने नळीच्या कडेने बारीक दांडे बसवले, त्यांच्यावर झाकणे आणि कडी जोडली. एक बोट स्वतःचे भोक झाकता झाकता कडे दाबते, कडे दांडा फिरवते आणि दांडा दूरवरचे दुसरे झाकण मिटवतो. तरफेच्या नियमाने बोट लांब झाले, असे म्हणा ना! १८३२ मध्ये ही फ्लूट तयार झाली.

पण मित्रांनो, याची किंमतही मोजावी लागली. भोकांची मांडणी बदलली म्हणजे बोटांची सारी सवय बदलली. त्या वेळी ब्योम अडतीस वर्षांचा नावाजलेला वादक होता. एवढ्या वर्षांचा रियाझ बाजूला ठेवून त्याला बोटे नव्याने वळवावी लागली. इतरांची तशी तयारी नव्हती. पॅरिसच्या संगीत विद्यालयातील प्राध्यापक तुलू यांनी या फ्लूटला विरोध केला. १८६० मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी दोरुस आले, तेव्हा कोठे ब्योमची फ्लूट त्या विद्यालयात शिरली. चांगली कल्पना सुचणे एक आणि ती लोकांच्या बोटांत मुरणे दुसरे!

मधल्या काळात ब्योमने काही वर्षे लोखंड आणि पोलाद शुद्ध करण्याच्या कामात घालवली. पण फ्लूट त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. १८३२ ची फ्लूट अजून आतून निमुळतीच होती, म्हणजे मुखाकडे रुंद आणि टोकाकडे अरुंद. ती तशी का असावी, हे कोणालाच सांगता येत नव्हते. वाडवडिलांपासून चालत आले, एवढेच कारण होते. पन्नाशी ओलांडलेला हा वादक १८४६ च्या सुमारास विद्यार्थी झाला आणि म्युनिक विद्यापीठातील आपले स्नेही प्राध्यापक शाफ्होएट्ल यांच्याकडे ध्वनिशास्त्र शिकू लागला. वेगवेगळ्या धातूंच्या आणि लाकडांच्या, काही सरळ तर काही निमुळत्या, अशा पुष्कळ नळ्या त्याने बनवल्या. त्या वाजवून पाहिल्या, कापून पाहिल्या आणि मोजून ठेवल्या.

या प्रयोगांतून १८४७ मध्ये दुसरी फ्लूट निघाली. तिच्यात जुना आकार बरोबर उलटा झाला. नळीचे मुख्य अंग सरळ, १९ मिलिमीटर व्यासाचे आणि फक्त मुखाकडील तुकडा बुचाकडे निमुळता होत सुमारे १७ मिलिमीटरवर आलेला. मुखछिद्रापाशी करावी लागणारी दुरुस्ती प्रत्येक कंप्रतेला थोडी वेगळी असते, हे आपण जाणतो. त्यामुळे जोराने फुंकून वरच्या सप्तकात गेले, की सूर बिघडू पाहतात. मुखाकडचा हा निमुळतेपणा तो बिघाड सावरतो.

आणि भोके? ती आता १३ मिलिमीटरहूनही मोठी होती. म्हणजे नळीच्या व्यासाच्या सत्तर टक्के! ती बोटाने नीट झाकणे कठीणच, म्हणून प्रत्येक भोकावर गादी लावलेले झाकण आले. निकोल्सनला निसर्गाने दिलेली बोटे ब्योमने प्रत्येक वादकाला घडवून दिली. १८५१ मध्ये लंडनच्या प्रचंड प्रदर्शनात या फ्लूटला पारितोषिक मिळाले. आज जगातल्या कोणत्याही वाद्यवृंदात जी फ्लूट दिसते, तिच्यात किरकोळ सुधारणा सोडल्या तर ब्योमचीच १८४७ ची रचना आहे.

चांदीची की लाकडाची?

ब्योमला फ्लूटच्या प्रकारांचे अतोनात प्रेम होते. त्याने चांदीच्या फ्लूट केल्या, लाकडाच्या केल्या, लाकडी अंगाला चांदीचे मुख जोडूनही पाहिले. नळीच्या पदार्थाने आवाजाचा पोत बदलतो, असे त्याचे मत होते आणि आजही अनेक वादक तसे मानतात. १९७१ मध्ये जॉन कोल्टमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने ही गोष्ट पारखून पाहिली. त्याने चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या तीन नळ्या घेतल्या, आतून एकाच मापाच्या आणि एकसारखे मुख बसवलेल्या. न बघता नुसते ऐकणाऱ्यांना त्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. वाजते ती हवा. नळीचे काम तिला आकार देण्याचे. तो आकार, भोकांच्या कडा आणि आतला गुळगुळीतपणा महत्त्वाचा, पदार्थ नव्हे, असा याचा अर्थ. मोठा माणूसही एखाद्या ठिकाणी चुकू शकतो आणि ती चूक प्रयोगानेच कळते, हे लक्षात ठेवा.

साठीला पोचल्यावर ब्योमने आणखी एक फ्लूट घडवली. नेहमीच्या फ्लूटहून चार स्वर खालची, लांब आणि भरदार आवाजाची. तिच्या सर्वांत खालच्या सुराला सुमारे ८८ सेंटिमीटर लांबीचा स्तंभ लागतो. उतारवयात हीच फ्लूट त्याची सर्वांत लाडकी झाली. थोर संगीतकारांच्या रचना तो तिच्यासाठी बदलून लिही. १८७१ मध्ये त्याने आपल्या आयुष्यभराच्या अनुभवाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि २५ नोव्हेंबर १८८१ रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, म्युनिकमध्येच त्याचे निधन झाले.

तोच प्रश्न, दुसरे उत्तर

मग आपल्या बासरीला चाव्या का नाहीत? आपले वादक मागे राहिले म्हणून का? मुळीच नाही. ब्योमच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १९११ मध्ये, बारिसाल येथे (हे गाव आज बांगलादेशात आहे) पन्नालाल घोष यांचा जन्म झाला. त्यांच्यापुढेही अगदी असाच प्रश्न उभा राहिला होता.

त्या काळी बासरी हे लोकसंगीताचे वाद्य होते. आखूड नळीचा उंच, पातळ आवाज खयालाच्या संथ आलापीला पुरा पडत नसे. पन्नालालजींना गंभीर आणि खालचा आवाज हवा होता. म्हणजे नळी लांब हवी. त्यांनी वेगवेगळ्या पदार्थांच्या आणि लांबीरुंदीच्या बासऱ्या करून पाहिल्या आणि अखेर सुमारे ३२ इंच, म्हणजे ८१ सेंटिमीटर, लांबीच्या बांबूवर ते स्थिरावले. १९४० मध्ये ते मुंबईत आले, चित्रपटांना संगीत दिले आणि १९४७ मध्ये, स्वतः नामवंत असताना, उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य झाले. पन्नाशीतला विद्यार्थी ब्योम येथे आठवतो की नाही?

नळी लांबली तशी भोकेही लांब गेली आणि मोठी झाली. बोटांच्या टोकांनी ती झाकेनात. तेव्हा बोटे सपाट ठेवून मधल्या पेरांनी भोके झाकण्याची पद्धत रूढ झाली. शिवाय पन्नालालजींनी करंगळीसाठी सातवे भोक पाडले. सहा भोके मिटली की मंद्र पंचम लागतो. सातवेही मिटले की स्तंभ आणखी लांबतो आणि मंद्र सप्तकातला तीव्र मध्यम मिळतो. १९५६ मध्ये ते दिल्ली आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले आणि १९६० मध्ये, पन्नाशीही न गाठता, हे जग सोडून गेले. त्यांचे जावई आणि शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर यांनी त्यांची परंपरा पुढे चालवली. सातवे भोक सर्वांनीच घेतले असे नाही. पंडित हरिप्रसाद चौरसिया सहा भोकांचीच लांब बासरी वाजवतात.

त्यांनी झाकणे का बसवली नाहीत, याचे उत्तर आपल्या संगीतात आहे. गादीचे झाकण एक तर उघडे असते, नाहीतर मिटलेले. ब्योमला बारा ठरीव अर्धस्वर हवे होते, त्याला ते सोयीचेच होते. आपल्याला मींड हवी. भोकावरून बोट हळूहळू सरकवले, की भोक थोडे थोडे उघडते आणि सूर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. अर्ध्या उघड्या भोकातून श्रुती काढता येतात. लहान भोक म्हणजे उतरलेला सूर, हा जो नियम जुन्या कारागिरांची अडचण झाला होता, तोच येथे कलावंताचे साधन झाला. भौतिकशास्त्राचा नियम एकच. म्युनिकच्या वादकाने बोटांसाठी यंत्र घडवले, बारिसालच्या वादकाने यंत्रासारखी बोटे घडवली.

करून पाहा

विजेच्या वायरिंगला वापरतात त्या प्लॅस्टिकच्या पाइपचा सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्या. एका टोकाला घट्ट बूच बसवा. बुचापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर एक सेंटिमीटर व्यासाचे मुखछिद्र पाडा. (गिरमिट चालवताना शिक्षकांना जवळ उभे करा.) फुंक जमली, की दुसऱ्या टोकापासून ८ सेंटिमीटरवर ४ मिलिमीटरचे भोक पाडा आणि सूर ऐका. आता गोल कानशीने भोक ६ आणि मग ८ मिलिमीटरपर्यंत वाढवा. भोकाची जागा तीच असताना सूर कसा चढत जातो, ते पेटीवर जुळवून वहीत लिहा.

जत्रेतल्या बासरीवर आम्ही हेच केले. ज्या भोकाचा सूर उतरला होता ते कानशीने किंचित वाढवले, ज्याचा चढला होता त्याच्या कडेला मेण लावून लहान केले. 'ग' वाढवताना माझा हात जरा जास्तच चालला आणि तो चढला. मग त्यालाही मेण लावावे लागले! बासरी पूर्ण सुरेल झाली असे म्हणणार नाही. पण पेटीबरोबर वाजवता येऊ लागली. तो मुलगा आता दर जत्रेत बासऱ्यांच्या गाडीपाशी थांबतो. फुंकून पाहण्याआधी खिशातली पट्टी काढून भोकांची अंतरे मोजतो आणि बासरीवाला त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहत राहतो.